कचऱ्याचं पासबुक : बांतुलच्या बाडेगान वस्तीतल्या कचरा बँकेचं प्रकरण

कचरा बँक म्हणजे घरातला सुका कचरा वेगळा करून आणायचा, वजन करून द्यायचा आणि त्याचे पैसे आपल्या पासबुकात साठवायचे. तिचा विषय ग्रामपंचायतीत किंवा बचतगटाच्या मीटिंगमध्ये काढला की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, किलोला काय रेट आणि महिन्याला घरटी किती सुटतात. प्रश्न बरोबरच आहे. पण ज्या वस्तीत ही कल्पना पहिल्यांदा नीट उभी राहिली तिथलं प्रकरण जरा खोलात बघितलं की कळतं, तिथे पैसे फार कमी होते आणि तरीही बायका पिशव्या घेऊन येत राहिल्या. त्या का येत राहिल्या हेच मला इथे सविस्तर मांडायचंय, कारण आपल्याकडे बँक काढताना लोक नेमकं तेवढंच सोडतात आणि बाकी सगळं उचलतात, वजनकाटा आणतात, बॅनर छापतात, उद्घाटनाला सभापतींना बोलावतात आणि तीन महिन्यांनी शेडला कुलूप.

ही वस्ती इंडोनेशियात आहे. जावा बेटाच्या दक्षिण अंगाला योग्याकार्ता शहर, आणि त्याला लागून खाली पार समुद्रापर्यंत बांतुल जिल्हा. भातशेती आहे, मातीच्या भांड्यांची गावं आहेत, बाटिकचं काम चालतं, आणि शहराकडच्या बाजूला घरं एकमेकांना खेटून. बाडेगान ही बांतुलमधलीच एक वस्ती, म्हणजे ना धड खेडं ना धड शहर, आपल्याकडे तालुक्याच्या गावाला चिकटलेल्या वाड्या असतात ना तसलं.

आधी काय झालं होतं

२७ मे २००६ ला पहाटे, सहा वाजायच्या आत, इथे भूकंप झाला. ६.३ तीव्रतेचा. ५,७०० च्या वर माणसं गेली आणि सगळ्यात जास्त मार बांतुललाच बसला, घरंच्या घरं बसली. किल्लारी ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. भूकंपानंतरची जी मोठी कामं असतात, तंबू, धान्य, घरबांधणी, ती चालू असतात, पण त्याच्या कडेला एक बारीक प्रश्न वाढत असतो तो म्हणजे पडलेल्या घरांचा राडारोडा, त्यात डबे, फुटकी भांडी, टायर, प्लास्टिकचे ग्लास, आणि जावासारख्या पावसाच्या मुलखात त्या प्रत्येकात पाणी साचणार. डेंग्यूचा डास गटारापेक्षा अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात जास्त खुश असतो हे आपल्यालाही आता पाठ झालंय.

बाडेगानमध्ये बाम्बांग सुवेर्दा नावाचे एक प्राध्यापक राहतात. योग्याकार्तातल्या, आरोग्य मंत्रालयाच्या पॉलिटेक्निकमध्ये पर्यावरण-आरोग्य हा त्यांचा शिकवायचा विषय. भूकंपानंतर त्यांनी वस्तीतच पर्यावरण-आरोग्याचं एक वर्कशॉप सुरू केलं आणि डेंग्यूच्या मागे लागता लागता ते कचऱ्यापाशी येऊन पोचले. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. सुरुवात उत्पन्नाच्या कल्पनेतून झालेली नाहीये, आरोग्याच्या काळजीतून झालीये, आणि ते पुढच्या प्रत्येक निर्णयात दिसतं.

आता वस्तीत आधी कचऱ्याचं काय होत होतं? जावाच्या त्या भागात घराच्या परसात एक खड्डा असतो, जुगांगन म्हणतात, त्यात पालापाचोळा, उष्टंखरकटं टाकायचं, भरला की बुजवायचा आणि दुसरा खणायचा. आपला उकिरडा म्हणा ना. जोपर्यंत कचऱ्यात पानं आणि सालीच होत्या तोपर्यंत ही पद्धत उत्तम होती, मला तर वाटतं तिच्याइतकी स्वस्त व्यवस्था कुठल्याच सरकारला जमलेली नाही. घोटाळा झाला तो प्लास्टिक आल्यावर. खड्ड्यात ते कुजेना म्हणून लोक जाळायला लागले, जाळायला जागा नाही त्यांनी नदीत टाकलं. उकिरड्याला आग लावणं आपल्याकडेही चालूच आहे, संध्याकाळी कुठल्याही गावाच्या वेशीवर धूर दिसतो तो चुलीचा कमी आणि पिशव्यांचा जास्त असतो.

देशपातळीवर त्याच सुमाराला मोठा धक्का बसला होता. २१ फेब्रुवारी २००५ ला पश्चिम जावात बांडुंगजवळ लेउविगाजाह इथला कचऱ्याचा डोंगर मुसळधार पावसात कोसळला, पायथ्याच्या वस्त्या त्याच्याखाली गेल्या, दीडशेच्या आसपास माणसं मेली. आज इंडोनेशियात २१ फेब्रुवारी हा राष्ट्रीय कचरा जागृती दिवस म्हणून पाळतात तो त्याचमुळे. त्यानंतर कचरा व्यवस्थापनाचा कायदा आला, २००८ चा १८ क्रमांकाचा, मे महिन्यात, ज्यात उघडी डंपिंग ग्राउंड पाच वर्षांत बंद करा असं स्पष्ट लिहिलं. पण बाडेगानची बँक त्याच्याही आधी, २३ फेब्रुवारी २००८ ला सुरू झाली होती. नाव ठेवलं गमाह रिपाह.

काउंटरवर काय चालतं

हा भाग मी मुद्दाम लांबण लावून लिहितोय, कारण खरं डोकं इथे लावलेलं आहे.

घरात तीन पिशव्या. एकीत प्लास्टिक, एकीत कागद, तिसरीत बाटल्या आणि डबे. बस, तीनच. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये लोकांना सात-आठ प्रकार शिकवतात, हे पीईटी, हे एचडीपीई, हे अमुक, आणि बिचारी बाई घरी जाईपर्यंत सगळं विसरते. इथे बारीक वर्गवारी नंतर, बँकेत. घरातल्या माणसाला जेवढं न चुकता करता येईल तेवढंच मागितलं. पिशवीवर नाव आणि खाते नंबर.

बँक आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी उघडते, दुपार टळल्यावर, म्हणजे शाळा सुटलेली असते, शेतातली-ऑफिसातली माणसं परत आलेली असतात आणि बँक चालवणारे स्वयंसेवक पण आपापली कामं उरकून येऊ शकतात. पिशवी आणली की टेलरच्या टेबलावर वजन होतं. हो, टेलरच म्हणतात, बँकेत काउंटरवर पैसे घेणारा असतो ना तो, आणि पिशवी आणणाऱ्याला खातेदार. वजनाची पावती लगेच हातात. दर मात्र तिथल्या तिथे फुटत नाही. भंगार घेणारा व्यापारी, ज्याला तिकडे पेंगपुल म्हणतात, तो येऊन माल उचलतो, त्याच्या त्या दिवसाच्या दराने हिशोब होतो आणि मग पासबुकात रक्कम चढते. त्यातले १५ टक्के बँक स्वतःच्या खर्चाला कापते, पिशव्या, पावत्या, जागा, किरकोळ दुरुस्ती यासाठी. बाकीचे ८५ खातेदाराचे. आणि हे पैसे रोजच्या रोज हातात देत नाहीत, ते साठतात, साधारण तीन महिन्यांनी काढता येतात. एकट्याचं खातं असतं तसं गटाचंही असतं, एखाद्या गल्लीचं किंवा शाळेचं.

दर नंतर लावायची पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती खातेदाराच्या विरोधातली वाटली होती, पण विचार केला की पटतं. बँकेकडे भांडवल नाहीये. तिने आज ठरलेला भाव दिला आणि उद्या बाजार पडला तर खड्ड्यात जाणार ती बँक. आणि बाजार पडतो, चांगला दणकून पडतो. २००८ च्या शेवटी जगभर मंदी आली तेव्हा भंगार कागद आणि प्लास्टिकचे भाव काही आठवड्यांत कोसळले होते, म्हणजे बाडेगानची बँक वर्षाची पण झाली नव्हती तेव्हा. पुढे जानेवारी २०१८ पासून चीनने बाहेरच्या देशांचा भंगार कचरा घेणं जवळपास बंद केलं आणि पुन्हा सगळ्या आशियात भाव वरखाली झाले. वस्तीतल्या स्वयंसेवकांनी हा धोका अंगावर घ्यायचा नसतो. माल विकला जाईल तसा भाव, आणि तो कसा लागला हे सगळ्यांसमोर लिहिलेलं, एवढं असलं की कुरकुर होते पण संशय येत नाही.

लोक का आले

पैशाचं गणित आधी करून टाकू, म्हणजे भ्रम राहणार नाही. समजा एका घरातून महिन्याला पाच किलो कागद-पुठ्ठा, दोन किलो प्लास्टिक आणि एक किलो डबे-बाटल्या निघाल्या. गणितापुरते दर धरू, कागदाला किलोला १,५०० रुपिया (इंडोनेशियाचं चलन), बाकी दोन्हीला २,५००. झाले १५,००० रुपिया. बँकेचे १५ टक्के गेले की १२,७५०. तीन महिन्यांचे ३८,२५०. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्या पैशात हे जेमतेम २०० रुपये होतात, तीन महिन्यांचे. दर थोडे वरखाली करून बघा, कुठल्याच बाजूने हा पगार होत नाही. याला उत्पन्नाचं साधन म्हणून विकलं तर दुसऱ्या तिमाहीला माणसं नाराज होऊन निघून जातील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

मग? मग असं आहे की जावाच्या वस्त्यांमध्ये बारीक रक्कम एकत्र करायची सवय हाडीमासी आहे. एक म्हणजे आरिसान. सगळ्यांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल त्याने उचलायची, आपली भिशीच. दुसरं जिम्पितान. घराच्या बाहेर एक छोटा डबा टांगलेला असतो, त्यात घरच्यांनी चिमूटभर तांदूळ टाकून ठेवायचे, रात्री गस्त घालणारी मंडळी ते गोळा करत जातात आणि त्यातून वस्तीची कामं निघतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाने हेच दिलं, रोज दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला. कुणाचंही पोट त्या मुठीने रिकामं राहत नव्हतं आणि पोरांची शाळा चालत होती.

कचरा बँक याच जागेवर बसली. घरातून तसंही बाहेर जाणारं काहीतरी, रोज थोडं, एका ठिकाणी, आणि वहीत नाव. शिवाय तिथे प्रत्येक वस्तीत पीकेके नावाची बायकांची सरकारी चौकटीतली संघटना असते, त्याच्या आत दहा-दहा घरांचे गट, म्हणजे कुणी नवीन संघटना बांधायची गरजच नव्हती. निरोप द्यायचा तर दहा घरांमागे एक बाई आहेच. आपल्याकडे बचतगट आहेत, तीच जागा.

आणि तीन महिने पैसे अडकवून ठेवायचा फायदा तिथे उघड दिसतो. किलोला मिळालेली चिल्लर रोज हातात दिली तर ती चहाबिस्किटात जाते, आठवणीत सुद्धा राहत नाही. साठली की तिला नाव मिळतं, पोराची वही, शाळेची सहल, ईदची खरेदी. इंडोनेशियातल्या कित्येक कचरा बँका ईदच्या तोंडावर पैसे वाटतात, कारण त्या वेळी प्रत्येक घराला थोडी जास्तीची रक्कम लागते आणि ती कुणाकडे न मागता मिळणं याची किंमत रकमेपेक्षा मोठी असते. हे पासबुक बऱ्याचदा बाईच्या नावावर असतं. नवऱ्याच्या खिशातून न आलेली ही घरातली एक रक्कम. मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, आणि कुठल्याही रिपोर्टच्या टनांच्या तक्त्यात ते येत नाही.

पुढे लोकांनी यात बरेच प्रकार केले. मलांग शहरात २०११ पासून सहकारी संस्थेसारखी मोठी बँक उभी राहिली. त्याच मलांगमध्ये गमाल अल्बिनसैद या तरुण डॉक्टरने कचरा घेऊन त्याच्या बदल्यात दवाखान्याचा विमा द्यायला सुरुवात केली आणि त्याची दखल २०१४ मध्ये ब्रिटनपर्यंत घेतली गेली. सरकारी तारण कंपनी पगादायानने कचऱ्याची रक्कम थेट सोन्याच्या बचतीत वळवायची सोय काढली, म्हणजे बाटल्या द्या आणि खात्यात सोन्याचे कण जमा होत राहतील. हे ऐकून आपल्याकडच्या आज्यांचे डोळे नक्की चमकतील. पण सगळ्याच्या तळाशी बाडेगानचंच सूत्र आहे, वजन, पावती, वही, ठरलेला दिवस.

जे जमलं नाही, जे अजून जमत नाही

पहिली अडचण पाकिटांची. इंडोनेशियात शांपू, कॉफी, मसाला, डिटर्जंट, सगळं एकेका वापराच्या सॅशेत विकलं जातं, अगदी आपल्यासारखं, कारण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला तेवढंच परवडतं. ही पाकिटं बऱ्याच थरांची असतात, वेगळी करता येत नाहीत, भंगारवाला घेत नाही. कचरा बँकांनी त्यापासून पिशव्या, पर्स, पाऊच शिवायला सुरुवात केली, दिसतातही छान, पाहुणे आले की विकत घेतात. पण एका पर्सला पाकिटं किती लागतात आणि वस्तीत रोज फाटतात किती, हा हिशोब कुठेच जुळत नाही. शिवणाऱ्या बायकांचे तास मोजले तर तो रोजगार अगदीच स्वस्तातला. माझं स्पष्ट मत आहे की हे ओझं बायकांच्या शिलाई मशीनवर टाकणं बरोबर नाही, पाकीट बनवणाऱ्या कंपनीनेच ते परत घ्यायला पाहिजे. इंडोनेशियाच्या सरकारने २०१९ मध्ये कंपन्यांना २०२९ पर्यंत कचरा ३० टक्क्यांनी कमी करायचा आराखडा घालून दिलाय, पण दुकानाच्या दोरीवर अजून पाकिटांच्याच माळा लटकतात.

दुसरी अडचण ओल्या कचऱ्याची. तिथल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या वर हिस्सा ओला असतो आणि बँक तो घेत नाही. म्हणजे बँक कितीही चांगली चालली तरी ती कचऱ्याच्या अर्ध्याहून कमी भागावरच काम करते. जुगांगन बुजवून टाकला आणि बँक उघडली तर उलट ओला कचरा गाडीत जायला लागतो. दोन्ही पाहिजेत.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे पण बोलली पाहिजे. कचरा वेचणारी माणसं. तिकडे त्यांना पमुलुंग म्हणतात. जावाच्या वस्त्यांच्या तोंडाशी बऱ्याचदा एक पाटी असते, पमुलुंगना आत यायला मनाई. आता त्याच वस्तीतला पुठ्ठा, बाटल्या, डबे, म्हणजे ज्याच्यावर त्यांचं पोट आहे तोच चांगला माल, थेट बँकेतून पेंगपुलकडे जायला लागला तर ही माणसं कुठे जाणार? त्यांच्या वाट्याला डंपिंग ग्राउंडच उरतं. स्वच्छतेच्या कौतुकात हा हिशोब कुणी लिहीत नाही. योगायोग बघा, ज्या २००८ मध्ये बाडेगानची बँक उघडली त्याच वर्षी पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला, आणि त्याच्या मागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांचीच संघटना होती. पुण्याने सुरुवात वेचणाऱ्या बाईपासून केली, तिला दारात येण्याचा हक्क दिला, घराघरातून तिला फी आणि वर भंगाराचे पैसे. बाडेगानने सुरुवात घरातल्या बाईपासून केली. दोन्हींचं महत्त्व मला मान्य आहे, पण ज्या गावात आधीच कुणी भंगार वेचून जगतंय तिथे त्यांना पहिल्या बैठकीला बोलावल्याशिवाय बँक काढणं मला तरी मान्य नाही. माल वेगळा करायचं, मोजायचं, विकायचं ज्ञान त्यांच्याकडेच आहे, मानधनाचं पहिलं काम त्यांना द्यावं.

चौथी अडचण सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातक, ती म्हणजे थकवा. १५ टक्क्यांत पावती पुस्तकं येतात, माणसं येत नाहीत. वरच्याच घराचं उदाहरण घेतलं तर बँकेला त्या घरामागे महिन्याला २,२५० रुपिया मिळतात, आपले बारा-तेरा रुपये. शंभर घरं धरली तरी बाराशे. त्यात दोन माणसांना आठवड्याचे दोन दिवस, माल वर्गवारी, वही, व्यापाऱ्याशी फोनाफोनी. हे स्वयंसेवेवर चालतं, आणि स्वयंसेवा म्हणजे कुणाची तरी संध्याकाळ. बाडेगानला एक चिकाटीचा प्राध्यापक मिळाला, त्याचे विद्यार्थी मिळाले, बाहेरून बघायला येणारी माणसं मिळाली. प्रत्येक गावाला ते मिळत नाही.

सरकार आलं तेव्हा

बाडेगानचं नाव झालं आणि मंत्रालयाने ते उचललं. २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाचा १३ क्रमांकाचा नियम निघाला, खास कचरा बँकांसाठी, त्यात ८५-१५ ची वाटणी सुद्धा आली, म्हणजे एका वस्तीने ठरवलेली पद्धत देशाच्या नियमात जाऊन बसली. २०२१ मध्ये नवा नियम आला, त्याने वस्तीची युनिट बँक आणि शहर-जिल्ह्याची मुख्य बँक अशी दोन पायऱ्यांची रचना पक्की केली. ही दुसरी पायरी फार गरजेची होती. एका वस्तीचा माल एवढा थोडा असतो की व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो, दहा-वीस वस्त्यांचा एकत्र आला की बोलता येतं. मकास्सर शहरात तर पालिकेचीच मुख्य बँक माल विकत घेते.

आकडे भराभर वाढले. २०१७ पर्यंत पाच हजारांच्या वर बँका, २०२१ पर्यंत अकरा हजारांच्या वर. आणि देशाचा कचरा कमी होण्यात त्यांचा वाटा किती, तर २०१७-१८ च्या सुमाराला सरकारी हिशोबात साधारण १.७ टक्के. हा आकडा काही लोक बँकांच्या विरोधात वापरतात. मी तसं म्हणणार नाही, कारण बँकेचं काम डंपिंग ग्राउंड रिकामं करणं हे नव्हतंच, पण जे सरकार बँकांची संख्या दाखवून गाड्या आणि ओल्या कचऱ्याचे प्रकल्प टाळतं त्याला मात्र हा आकडा रोज दाखवला पाहिजे. आणि नोंदणीतल्या हजारो बँकांमधल्या कित्येक फक्त पाटीपुरत्या उरतात हेही खरंय, जे आपल्याकडे कुठल्याही अभियानाचं होतं तेच.

बांतुलला तर याचा दणका घरातच बसला. योग्याकार्ता शहर, बांतुल आणि शेजारचा स्लेमान जिल्हा, तिघांचा कचरा वर्षानुवर्षं पियुंगान इथल्या डंपिंग ग्राउंडवर जायचा आणि पियुंगान बांतुलमध्येच येतं. त्या डोंगरावर शेकडो वेचणारी माणसं आणि चरणाऱ्या गाई असं दृश्य वर्षानुवर्षं होतं. जागा संपली, गावकऱ्यांनी अनेकदा रस्ता अडवला, आणि शेवटी २३ जुलै २०२३ पासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते बंदच ठेवावं लागलं. शहरात रस्त्याच्या कडेला पिशव्यांचे ढीग लागले. २०२४ मध्ये तर तिथे टाकणं थांबवून प्रत्येक जिल्ह्याने आपलं आपण बघायचं असं ठरलं. जिथे पिशव्या आधीच वेगळ्या होत होत्या त्या घरांकडे गाडी आली नाही तरी सुका कचरा निदान वास न मारता घरात थांबू शकत होता, बाकीच्यांकडे तो अर्धा दिवस पण थांबत नव्हता. कचरा वेगळा करायची सवय संकटाच्या दिवशी लावता येत नाही. १५ वर्षं वहीत वजनं लिहिण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

आपल्या गावात करायचं तर

आपल्याकडे एक फरक आधी लक्षात घ्या. कागद, लोखंड, बिअरच्या बाटल्या यांचा रद्दीवाला आपल्या दारात येतोच आणि रोख देतो. त्याच्याशी स्पर्धा करायला गेलात तर बँक हरेल आणि हरलीच पाहिजे. बँकेची जागा आहे ती रद्दीवाला ज्याला हात लावत नाही तिथे, दुधाच्या पिशव्या, पातळ प्लास्टिक, तेलाचे पाऊच, एकेकट्या बाटल्या. दुधाच्या पिशवीचं तर २३ मार्च २०१८ च्या आपल्या राज्याच्या प्लास्टिक अधिसूचनेत लिहिलेलंच होतं, पिशवी परत द्या आणि ५० पैसे घ्या. कल्पना चांगली होती, पण मोजणार कोण, लिहिणार कोण, साठवणार कुठे याचं उत्तर दुकानदाराच्या गळ्यात टाकलं, आणि दुकानदार संध्याकाळच्या गर्दीत ५० पैशांचा हिशोब करत बसणार नाही. बाडेगानने नेमकी हीच तीन उत्तरं आधी शोधली.

पैशाची सोय अगदीच नाही असं नाही. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, जो २०२० मध्ये मंजूर झाला, घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपये धरलेत, आणि प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत. म्हणजे इंडोनेशियाला दुसरी पायरी उभी करायला जी वर्षं लागली ती आपल्याकडे कागदावर आधीच आहे. गावातली बँक आणि तालुक्याचं केंद्र यांच्यामधली गाडी कोण पाठवणार आणि कुठल्या वारी, एवढं लेखी घ्या. प्लास्टिक हलकं असतं आणि जागा भरून टाकतं, दोन महिने गाडी आली नाही की शेडमधून बाहेर येतं, पोरं जाळतात आणि बायका म्हणतात बंद करा एकदाचं.

बाकी बचतगटाच्या ताईंना माझा सल्ला एवढाच असतो की मासिक मीटिंग जिथे भरते तिथेच, त्याच दिवशी, मीटिंगच्या आधी एक तास वजन करा, वेगळा दिवस काढू नका. वही दोघींनी लिहायची. गटाच्या बचतीच्या पासबुकात कचऱ्याचा वेगळा रकाना पाडला तरी चालेल पण रक्कम बाईच्या नावावर चढली पाहिजे, गटाच्या सतरंज्या-खुर्च्यांत जिरवायची नाही. पैसे दिवाळीच्या आधी वाटा, आणि दुसरा हप्ता जूनमध्ये, शाळा उघडताना. किती मिळतील असं कुणी विचारलं तर वरचं २०० रुपयांचं गणित तिथेच फळ्यावर करून दाखवा, आकडा लपवू नका. आणि ग्रामसभेत ठराव घालताना वजनकाट्याच्या आधी वजन करणाऱ्या दोघींचं मानधन लिहून घ्या, रक्कम आणि ते कुठल्या निधीतून येणार यासकट, कारण काटा नंतर कुणीही देणगी म्हणून देतं, मानधन कुणी देत नाही.